जरा माझी पिन बघता का?

आमच्या आईला एक सवय आहे. डोंबिवलीच्या घरातून कुठेही निघायचं असलं, अगदी शेजारच्या बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला, तरी ती कुलूप लावून तीनदा ओढून बघते. मग दोन जिने उतरते आणि तिथून परत वर जाते. कारण? गॅसचा नॉब. मी लहानपणापासून या प्रकाराला हसत आलेय. कॉलेजच्या कॅण्टीनमध्ये तर तिची नक्कल करून मी भरपूर टाळ्या मिळवल्यात.

तर २०२५च्या फेब्रुवारीत, जमिनीपासून दहा हजार फुटांवर, मी एका छोट्या विमानाच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि सांगलीचा एक माणूस माझ्या पाठीवर तळहात दाबून सांगत होता, "ए बाई, हलू नकोस. जागची अजिबात हलू नकोस."

थांबा, नीट सांगते.

स्कायडायव्हिंगचं खूळ माझ्या डोक्यात कधी शिरलं, याचं उत्तर आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखंच आहे. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला, तिघं हीरो स्पेनच्या आकाशात तरंगले आणि आम्ही शाळेच्या बाकावर बसून ठरवून टाकलं, की आपल्यालाही हेच करायचंय. बाकीच्यांचं पुढे नोकरी, ईएमआय वगैरेत विरून गेलं. माझं नाही गेलं. मास कॉम केलं, दोन वर्षं एका चॅनेलच्या डेस्कवर काढली, मग फ्रीलान्सिंगला लागले. फ्रीलान्सर माणसाकडे पैसे नसतात, पण रजा मागायला बॉसही नसतो. एफडी मोडली. घरी सांगितलं, "ट्रॅव्हल स्टोरी आहे, थायलंडला चाललेय." अर्धं खरं होतं.

पुण्याची मावशी मात्र हुशार. तिनं बरोबर ओळखलं आणि फोनवर म्हणाली, "आपली शीतल महाजन नऊवारीत उडी मारून आली, तू निदान पंजाबी ड्रेस तरी घाल." शीतल महाजन हे नाव आमच्या घरात असं निघतं, जशी इतरांच्या घरात शेजारच्या हुशार पोरीची मार्कलिस्ट. एप्रिल २००४मध्ये त्यांनी पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. पहिलीच! माझी पहिली उडी थायलंडच्या उसाच्या शेतांवर झाली, तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना दोन इन्स्ट्रक्टर मला धरून होते. आणि मी किंचाळत होते. व्हिडिओ आहे. दाखवणार नाही.

तर मुद्दा. इन्स्ट्रक्टरच्या पोटाला बांधून मारतात ती टॅण्डम उडी. तिथे तुम्ही फक्त सामान असता. मी करत होते तो शिकायचा कोर्स. त्यात पाठीवरची बॅग तुमची, उघडायची जबाबदारी तुमची आणि काही दिवसांनी छत्रीची घडी घालून ती बॅगेत भरायचं कामही तुमचंच. पंचवीस उड्या आणि परीक्षा झाली, की पहिलं लायसन्स मिळतं. माझ्या तेरा झाल्या होत्या.

पाठीवरच्या या बॅगेला तिथे सगळे रिग म्हणतात. आत दोन पॅराशूट असतात. वरच्या कप्प्यात रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं. ते लायसन्सवाला रिगरच पॅक करतो आणि लाल दोऱ्यानं सील करतो. त्याला आपण हात लावायचा नाही. खालच्या कप्प्यात मेन, म्हणजे रोजचं. आता गंमत ऐका. हे रोजचं भलंमोठं पॅराशूट बॅगेत कशानं अडकून राहतं, माहितीये? झिप नाही, कुलूप नाही, बक्कल नाही. बॅगेचे चार पदर एकावर एक येतात, त्यांच्या भोकांतून एक दोऱ्याचा फासा वर काढतात आणि त्या फाशात बोटापेक्षाही लहान अशी वाकडी धातूची पिन सरकवतात. बस्स. खल्लास. फासा म्हणजे क्लोजिंग लूप. पिनेला एक लांब पट्टी शिवलेली असते, तिला ब्रायडल म्हणतात. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला रुमालाएवढ्या घडीची एक छोटी छत्री असते. ती बॅगेच्या तळाशी, कमरेच्या मागे, इलॅस्टिकच्या खिशात कोंबलेली. उघडायची वेळ आली की मागे हात घालायचा, छोटी छत्री ओढून वाऱ्यात फेकायची. वारा तिला खेचतो, ती पट्टीला खेचते, पट्टी पिनेला, पिन निघाली की पदर उघडतात आणि मोठी छत्री बाहेर.

पहिल्या दिवशी हे ऐकून मी विचारलं होतं, "आणि ओढायच्या आधीच पिन निघाली तर?" इन्स्ट्रक्टर, पन्नाशीचा, तांबूस दाढीवाला गोरा, हसला नाही. म्हणाला, छत्री उघडली नाही तर काय करायचं याची प्रॅक्टिस आपण आठवडाभर करणार आहोत, पण छत्री नको तेव्हा उघडली तर काय, हा प्रश्न विमानात बसायच्या आधीच सोडवायचा असतो.

खरंच, आपल्याला सगळ्यांना भीती असते ती पॅराशूट न उघडण्याची. आईपासून एडिटरपर्यंत सगळ्यांनी मला तेच विचारलं. नको तिथे उघडेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण विचार करा. विमानाचं दार उघडं आहे, बाहेर ताशी दीडशे किलोमीटरचा वारा, आणि तुमच्या कमरेमागची ती छोटी छत्री कशाला तरी घासून खिशातून निसटली आणि दाराबाहेर गेली. नियम एकच आहे: तिच्यामागे तुम्हीही ताबडतोब बाहेर पडायचं. विचार करायचा नाही, कारण तुम्ही गेला नाहीत तर ती तुम्हाला नेणारच आहे. वाटेत दाराची चौकट आहे, पुढे विमानाची शेपूट आहे. छत्री शेपटीला गुंडाळली गेली, तर प्रश्न तुमच्या एकटीचा राहत नाही. पायलटसकट सगळ्यांचा होतो.

म्हणून तिथे चेकिंग. आणि कसलं चेकिंग! रिग अंगात घालायच्या आधी एकदा. घातल्यावर एकदा. विमानात चढायच्या आधी दुसऱ्याकडून एकदा. आणि वर, दार उघडायच्या आधी, परत एकदा. समोरून तीन-तीनचा हिशेब असतो. खांद्यावरच्या तीन कड्यांची जोडणी दोन्ही बाजूंना नीट आहे? छातीचा एक आणि मांड्यांचे दोन, असे तीन पट्टे लागलेत? छोट्या छत्रीचं, मेन सोडून देण्याचं आणि रिझर्व्हचं, अशी तीन हॅण्डल जागेवर आहेत? मग पाठ फिरवायची आणि म्हणायचं, "पिन चेक, प्लीज." कारण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. दुसरा माणूस पदर उचलून बघतो: रिझर्व्हची पिन, ऑटोमॅटिक यंत्राचा डिस्प्ले, मेनची पिन पूर्ण आत, फासा झिजलेला नाही, पट्टी कुठे बाहेर लोंबत नाही, छोटी छत्री खिशात घट्ट. सगळं ओके असलं की पाठीवर थाप.

पहिले दोन दिवस मला हे सॉलिड इम्प्रेसिव्ह वाटलं. पाचव्या दिवशी कंटाळा आला. दहाव्या दिवशी मी "पिन चेक" हे "हाय-हॅलो"सारखं म्हणायला लागले. आपलं ऑफिसच्या गेटवर आयकार्ड दाखवतो ना, तसं. दाखवणाऱ्याचं लक्ष नाही, बघणाऱ्याचंही नाही.

सांगलीवाला दादा तिथलाच. म्हणजे राहायला बँकॉकला, जहाजांच्या कंपनीत इंजिनीअर, दर शनिवारी हजर. तीनशेच्या वर उड्या. मी पहिल्या दिवशी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून आला आणि म्हणाला, "डोंबिवली का? मी चार वर्षं ठाकुर्लीला होतो." झालं! नातं जुळलं. मी दादा म्हणायला लागले, तो मला बाई म्हणायचा. सांगलीकडचं ते "ए बाई" ऐकायला गोड लागतं.

माझ्या चौदाव्या उडीच्या आदल्या संध्याकाळी इन्स्ट्रक्टरनं खूश होऊन मला छोटी छत्री दिली. म्हणजे २४० स्क्वेअर फुटांवरून २१०वर आणलं. प्रमोशनच की! रिग तीच, आतलं पॅराशूट बदललं. रात्री बारमध्ये मी दोघातिघांना सांगितलंसुद्धा. सकाळी ताडपत्रीवर बसून स्वतःच पॅकिंग केलं. आता हे पॅकिंग म्हणजे काय त्रास आहे, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. नायलॉन बुळबुळीत, आत हवा राहते, इकडून दाबलं की तिकडून फुगतं. सूटकेसवर बसून ती बंद करतो तसं बॅगेवर गुडघा रोवायचा, पुल-अपची दोरी ओढून फासा चारी भोकांतून वर काढायचा आणि जीव खाऊन धरून पिन सरकवायची. माझी बोटं रोज सोलवटायची.

त्या दिवशी फासा अलगद वर आला. पिन तर लोण्यात सुरी जावी तशी गेली. मी काय समजले असेन? आपण तरबेज झालो! शेजारी पॅकिंग करणाऱ्या पोराला मी चक्क अंगठा दाखवला. जो माणूस माझं पॅकिंग तपासायचा, त्याला त्या सकाळी टॅण्डमची मोठी गर्दी होती. त्यानं येता-जाता पिन बघितली, "गुड" म्हणाला आणि गेला.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. छत्री लहान झाली, म्हणजे बॅग सैल झाली. बॅग सैल झाली तर फासा आखूड करायला हवा, नाहीतर पिनेवर ताणच राहत नाही. फासा जुनाच होता, मोठ्या छत्रीच्या मापाचा. मला ते शिकवलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं, खाली रेघ मारून.

विमानात चढताना पिन चेक झाला. एका जर्मन मुलीनं केला. पिन आत होती, तिनं थाप मारली. पिन आत होतीच. ती किती सैल आहे, हे नुसतं बघून कळत नाही, बोटानं चाचपावं लागतं. आम्ही दाटीवाटीनं फरशीवर बसलो, तोंडं शेपटीकडे. मी आत, दार मागच्या बाजूला. पाच हजार फुटांवर दार उघडलं, कारण दोघांना तिथूनच उतरायचं होतं. वारा आत घुसला. त्यांना जागा द्यायला आम्ही सगळे ढुंगणावर घसटत मागे सरकलो. माझी पाठ विमानाच्या भिंतीला घासली. ते दोघं गेले, दार बंद झालं, मी खिडकीतून समुद्र बघत बसले. मजेत होते हो. गाणं गुणगुणत होते.

दहा हजारला सगळ्यांनी शेवटचा चेक सुरू केला. मी वळून दादाकडे पाठ केली आणि नेहमीच्या सुरात म्हटलं, "जरा माझी पिन बघता का?"

तो काही बोललाच नाही. थाप पण नाही. मग पाठीवर तळहात आला, चांगला जोरात दाबलेला, आणि ते वाक्य.

पट्टी पदराखालून बोटभर बाहेर आली होती. पिन फाशात नुसती टोकाला अडकून होती. विमान थोडं जोरात हललं असतं किंवा मी आणखी वीतभर सरकले असते, तर बॅग उघडली असती. हे मला त्यानं नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यानं फक्त इन्स्ट्रक्टरला हाक मारली. तो रांगत आला, बघितलं, पिन परत आत बसवली, बोटानं फासा हलवून पाहिला आणि मान हलवली. नाही. मी म्हटलं, "आता बसली ना? मग जाऊ दे ना मला." खरंच म्हटलं असं! चौदावी उडी, दोनशे दहाची छत्री, रात्री बारमध्ये मारलेली बढाई... त्यानं दुसऱ्यांदा मान हलवली आणि मला ढकलत ढकलत पार पायलटच्या सीटमागे नेऊन बसवलं, पाठ सीटला टेकवून.

दार उघडलं. एकेक करून सगळे गेले. इन्स्ट्रक्टरही त्याच्या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर गेला. मला वाटलं आता दादाही जाणार, त्यानं तिकिटाचे पैसे भरले होते. तो नाही गेला. त्यानं दार ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला, खांद्यामागून हात घालून, तळहात बॅगेवर.

मग तो पायलटला ओरडून सांगायला लागला, हळू, हळू. मला वाटलं मी घाबरलेय म्हणून. तसं नव्हतं. विद्यार्थ्यांच्या रिगमध्ये जे ऑटोमॅटिक यंत्र असतं, ते जमिनीजवळ ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगानं खाली येताना दिसलं, की समजतं हा माणूस बेशुद्ध आहे, आणि स्वतःच रिझर्व्हचा फासा कापून ते उघडतं. अनुभवी लोकांच्या यंत्राला त्यासाठी जवळजवळ फ्रीफॉलचा वेग लागतो, विद्यार्थ्यांच्या यंत्राला सेकंदाला तेरा मीटरही पुरतात. आणि उड्या संपल्या की हे पायलट विमान असं खाली आणतात, जसा शेवटच्या फेरीचा रिक्षावाला. म्हणजे पाठीवर एक पॅराशूट स्वतःहून उघडायला टपलेलं, आणि दुसरं घाईतल्या पायलटची वाट बघत बसलेलं. हे दादानं मला विमान जमिनीला टेकल्यावर सांगितलं. चांगलं केलं.

उतरताना आम्ही काहीच बोललो नाही. मला पूर्ण वेळ एकच गोष्ट आठवत होती: पाच हजार फूट, दार उघडं, आणि मी घसटत मागे सरकतेय.

खाली इन्स्ट्रक्टरनं रिग उघडून मला ताडपत्रीवर बसवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, आज बंद करायला सोपी गेली का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग तेव्हाच मला का नाही बोलावलंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅकिंग तपासणाऱ्यालाही त्यानं बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी ऐकवलं. पण गुडघा माझा होता, बोटं माझी होती.

परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली. ऑक्टोबर २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात मिशन बीचला तीन माणसं गेली. एकट्यानं उडी मारणाऱ्याचं पॅराशूट नको त्या वेळी उघडलं असावं आणि टॅण्डमची जोडी त्याच्यावर आदळली. तिथल्या ट्रान्सपोर्ट सेफ्टी ब्यूरोच्या तपासात निघालं, की त्याचं पॅराशूट त्या बॅगेच्या मानानं लहान होतं. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मग सप्टेंबर २०२५चा टुलीचा प्रकार. हाही क्वीन्सलॅण्डचा. याचा व्हिडिओ डिसेंबरमध्ये आला आणि बहुतेक तुम्हीही व्हॉट्सअॅपवर बघितला असेल. पंधरा हजार फूट, सोळा जणांची फॉर्मेशन. पहिला माणूस दारातून बाहेर चढतोय, त्याच्या रिझर्व्हचं हॅण्डल विमानाच्या पंखावरच्या फ्लॅपला अडकतं आणि रिझर्व्ह उघडतं. तो मागे फेकला जातो, पाय शेपटीच्या आडव्या पंखावर आपटतात, छत्री शेपटीला गुंडाळते आणि तो विमानाला लटकतो. त्याच्याजवळ हूक नाइफ होती, दोऱ्या कापायची छोटी आकडेवाली सुरी. तिनं त्यानं अकरा दोऱ्या कापल्या, सुटला, मेन उघडलं आणि किरकोळ जखमांवर खाली आला. पायलटनं विमानही उतरवलं. ती सुरी जवळ बाळगायची सक्ती तिथे नव्हती, त्यानं आपली ठेवली होती.

माझ्या ग्रुपवर लोकांनी त्याखाली 'ओएमजी' आणि हसणारे इमोजी टाकले. मी काही टाकलं नाही.

तर त्या दिवशीचं राहिलंच. दुपारी इन्स्ट्रक्टरनं मला नवीन फासा करायला लावला. दोरी मापायची, एका टोकाला गाठ, गाठीला छोटी चकती. मग पॅकिंग. पहिल्यांदा बंदच होईना. गुडघ्याला गुडघा लावून दादा शेजारी बसला, पण मदत करायला तयार नाही. "ओढ की," म्हणे. तिसऱ्या प्रयत्नात पिन गेली, करकरत गेली, आणि माझ्या अंगठ्याची साल घेऊन गेली. त्यानं बोटानं चाचपलं आणि म्हणाला, "आता माझी बघ." मी त्याच्या तीनशे उड्यांच्या रिगची पिन बघितली. दोन मिनिटं बघितली. मागचे लोक खोळंबले. बघू देत.

चौदावी उडी दुसऱ्या दिवशी झाली. चांगली झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

त्या संध्याकाळी मात्र मला बिअरचा क्रेट आणावा लागला. ड्रॉप झोनचा कायदा आहे: काहीही पहिल्यांदा केलं, की बिअर तुमची. "पहिल्यांदा विमानातून खाली आलीस, क्रेट!" असं दादानं जाहीर केलं आणि सगळ्यांनी टेबलं वाजवली. मी दादाला त्याच्या बुडालेल्या तिकिटाचे पैसे देऊ केले. त्यानं ते घेतले नाहीत, वर म्हणाला, "ठाकुर्लीला आलो की आईच्या हातचं थालीपीठ दे."

जुना फासा मी पर्समध्ये टाकून घरी आणला. पांढरा, वीतभर, टोकाला गाठ. आईला अजून यातलं काही माहिती नाही. हा अंक हातात पडला की होईल. तिनं पर्स आवरताना तो बाहेर काढला आणि विचारलं, "ही कसली गं नाडी?"

"कुठल्या तरी बॅगेची असेल," मी म्हटलं.

"चांगली मजबूत आहे," ती म्हणाली, आणि त्यानं पोह्यांच्या चिवड्याच्या पिशवीचं तोंड बांधून टाकलं. मग गाठ एकदा ओढून बघितली. मग परत एकदा.